चार वाजताचा चहा

मांजर्ली, बदलापूर पश्चिम
८ जानेवारी २००७

मालिनीताई,

जय भीम. पाच वर्षांनी लिहितेय, तर वर काय लिहायचं यावरच दोनदा कागद फाडला. आमच्याकडे पत्राच्या माथ्यावर प्रभूचं नाव घालतात. ते बघून तू पुढे वाचलंच नसतंस, मी ओळखते तुला. पण जय भीम तुला गोड वाटावं म्हणून लिहिलेलं नाही, मनातूनच आलंय.

नागपूरला थंडी असेल. भाऊजी, मुलं बरी ना? इकडे सगळं ठीक. नरेंद्र पाळक आहे ती मंडळी आता चाळीसएक माणसांची झालीय. पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्याने घेतलीय. पुढच्या अर्ध्यात उपासना होते, मागच्या अर्ध्यात आम्ही नवरा-बायको राहतो. खालून गिरणीची घरघर, वरून गाणी. सकाळी मी कुळगावला एका बालवाडीत शिकवते आणि रविवारी मंडळीतल्या पोरांना. त्यामुळे मला सगळे बाईच म्हणतात, म्हाताऱ्यासुद्धा.

एक विचारायचं होतं. सहजच. आमच्या ओळखीत सतरा वर्षांची एक मुलगी आहे. तिला लहानपणापासून फिट येतात, रोज एक गोळी असते. ती गोळी कुणी बारीक कुटून चहातून दिली तर लागू पडते का? गरम चहाने तिची ताकद जाते का? आणि मधे काही दिवस बंद राहिली आणि परत सुरू केली तर काही बिघडतं का? तिच्या आईने विचारायला सांगितलंय.

तू म्हणशील, पाच वर्षं तोंड दाखवलं नाही आणि आता गोळीचं विचारतेय. विचारतेय खरी. माझ्या ओळखीत दुसरी नर्स नाही आणि डॉक्टरला विचारावं तर तो म्हणणार, पेशंटला घेऊन या.

उत्तर घरी पाठवू नकोस, बालवाडीचा पत्ता खाली दिलाय. लपवण्यासारखं काही नाही, पण पोस्टमन घरची पत्रं नरेंद्रच्या हातात देतो आणि मग उगाच प्रश्न निघतात.

तुझी
भावना


मांजर्ली
२५ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी लिहिल्यास, पण लिहिल्यास. 'गोळी चहातून देता येते. मधेच बंद केली तर जोराची फिट येऊन माणूस जाऊ शकतं. पण त्या मुलीला न सांगता का देताय? कोण देतंय, तू?'

लहानपणीही फडताळातला गूळ कमी झाला की तू सगळ्यांना सोडून माझ्याकडेच बघायचीस. हो, मीच देते. तिच्या आईने काही विचारलेलं नाही. तिला यातलं काडीचंही माहीत नाही.

आता नीट सांगते. तुला हसू येईल, राग तर येईलच, पण सगळं वाच. आमच्या मंडळीत साक्ष देतात. रविवारी गाणी झाली की नरेंद्र विचारतो, कुणाला साक्ष द्यायचीय का. मग ज्याला द्यायची तो उठून सांगतो, देवाने माझ्यासाठी हे केलं. कुणाची दारू सुटली, कुणाच्या पोराला नोकरी लागली. आणि दुखणं बरं झालं असेल तर त्या दुखण्याची औषधं पुढच्या टेबलाखाली वेताच्या टोपलीत नेऊन टाकायची. ही पद्धत नरेंद्रने काढलेली नाही, ज्यांच्याकडे तो शिकला त्यांच्याकडून आलीय. एकदा टोपलीत टाकलेलं परत घ्यायचं नसतं. घेतलं तर चारचौघांत देवाच्या नावावर खोटं बोलल्यासारखं होतं.

ती मुलगी म्हणजे पायल. तिची आई इंदुबाई उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, नवरा नाही. पायलचं दहावीचं गणित आणि विज्ञान राहिलंय, म्हणून ती रोज चार वाजता माझ्याकडे अभ्यासाला येते. मी चहा टाकते, दोघी पितो, मग बीजगणित काढतो. नाताळच्या आधीच्या रविवारी इंदुबाई साक्षीला उठली. म्हणाली, माझ्या पायलला दिवाळीपासून एकही फिट नाही, देवाने तिला बरं केलं. आणि गोळ्यांचा डबा, आत डॉक्टरचा कागद, सगळं टोपलीत ठेवलं. अगं बाई, गोळी घेत होती म्हणूनच फिट नव्हती ना! माझ्या मनात लगेच आलं. पण चाळीस माणसं रडत होती, हालेलुया म्हणत होती, नरेंद्रचे डोळे भरून आले होते. मीही टाळ्या वाजवल्या.

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पायल माझ्या स्वयंपाकघरात पडली. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी दिली. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य काय, तर आईला सांगू नका. ती म्हणेल माझा विश्वास कमी पडला, सगळ्यांसमोर तिची मान खाली जाईल. मी म्हटलं, बरं नाही सांगत, पण गोळी घे. तर म्हणते, बाई, साक्ष दिलीय, आता गोळी घेतली तर मीच देवाला खोटं पाडलं असं होईल. मी इंदुबाईकडे आडून आडून विषय काढला, की गोळी चालू ठेवा, प्रार्थना आपण करतोच आहोत. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, बाई, तुमचाच विश्वास हलला तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

दुसऱ्या दिवशी नरेंद्र प्रार्थनेला बाहेर गेल्यावर मी टोपलीत हात घातला आणि डबा काढून घेतला. तेव्हापासून रोज चारच्या चहात एक गोळी. रविवारी उपासनेनंतरच्या चहात. रोज तिच्या कपात मी ती कुटून साखरेबरोबर ढवळते.

तू मागे म्हणाली होतीस, बाबासाहेबांनी आपल्याला देवांच्या पायांशी बसण्यातून उठवलं आणि तू परत जाऊन बसलीस. आज तेच म्हणशील. म्हण. पण आधी मला सांग, मी हे किती दिवस करू शकते?

भावना


मांजर्ली
१३ फेब्रुवारी

ताई,

तू लिहिलंस, नवऱ्याला सांग. प्रयत्न केला. जेवताना म्हटलं, नरेंद्र, पायलचं एक सांगायचंय. त्याने घास खाली ठेवला आणि माझ्या आधी तोच बोलायला लागला. म्हणाला, भावना, तुला म्हणून सांगतो, मी इतकी वर्षं आजाऱ्यांवर हात ठेवले आणि दर वेळी मनात म्हणायचो, काही होणार नाहीये. पायलकडे बघितलं आणि पहिल्यांदा वाटलं की मी ढोंगी नाही. हे ऐकल्यावर मी काय सांगणार? भाजी वाढली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी गोळी देत राहिले म्हणून पायलला फिट आली नाही, फिट आली नाही म्हणून साक्ष खरी ठरली, आणि आता ती साक्ष गावभर झालीय. उल्हासनगरच्या एका मोठ्या मंडळीने नरेंद्रला बोलावलं. सभागृह भरलेलं, स्टेजवर पायल. तिच्या हातात माइक दिला. ती एवढंच म्हणाली, मला आता फिट येत नाही. ते खरंच होतं. लोक उभे राहिले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्या पर्समध्ये तिची दुसऱ्या दिवशीची गोळी होती. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

तिथूनच पुढच्या गोळ्या आणल्या. बदलापुरात सगळे मेडिकलवाले ओळखतात, म्हणून उल्हासनगरातच डब्यातला डॉक्टरचा जुना कागद दाखवला. सिंधी म्हातारा होता दुकानात. कागद बघून म्हणाला, 'बेटी की दवा है? नागा मत करना, बहनजी.' मी मान हलवली. बेटी म्हणाला म्हणून रडू आलं, त्याला काय कळणार.

पण मी हे पत्र लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. टोपली भरायला लागलीय. कुणी दम्याचा पंप टाकला, कुणी बीपीच्या गोळ्या. ते मी एकेकाच्या घरी जाऊन, गोडीगुलाबीने, 'देवानेच डॉक्टर दिलेत' वगैरे म्हणून परत पोचवतेय. काही घेतात, काही माझ्याकडे संशयाने बघतात. आणि परवाच्या रविवारी भीमरावकाका उठले.

त्यांचं नाव ऐकून तू म्हणशील, नाव भीमराव आणि गळ्यात क्रॉस. असू दे. अंबरनाथच्या कंपनीतून रिटायर झालेले, आमच्या मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे. सव्वीस जुलैला नदी मांजर्लीत शिरली तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. मला वेणीला धरून पाण्यातून जिन्यावर ओढलं ते काकांनी. दोन रात्री सगळी बिल्डिंग गच्चीवर होती आणि नरेंद्र छातीएवढ्या पाण्यातून बिस्किटं, दूध आणत होता. त्या गच्चीवरची माणसं म्हणजेच आमची मंडळी. ताई, ही माणसं वेडी नाहीत. त्यांनी त्या माणसाला आपल्यासाठी पाण्यात उतरताना बघितलंय, म्हणून तो म्हणेल ते खरं मानतात.

काकांना पंधरा वर्षांची शुगर आहे. गोळ्या आणि सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. ते उठले, म्हणाले, पायलला बरं करतो तो देव मला का नाही करणार? आणि सगळं टोपलीत टाकलं. मी त्यांच्या घरी परत न्यायला गेले तर भागीरथीकाकूंनी दारातूनच हात जोडले. म्हणाल्या, ते ऐकायचे नाहीत बाई, तुमच्या पायलकडे बघून त्यांनी नवस केल्यासारखं केलंय.

तुमची पायल म्हणाल्या. तुमची.

काकांना चहातून इंजेक्शन देता येत नाही. किती दिवस निघतात असे? लवकर लिही.

भावना


मांजर्ली
२ मार्च

ताई,

काकांच्या पायाला जखम झालीय. चपलेचा अंगठा घासला, एवढंच. पहिल्यांदा फोड होता, आता अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलंय. खोलीत शिरलं की वास येतो. काकू उदबत्ती लावून ठेवतात. नरेंद्र रोज जातो, तेल लावतो, प्रार्थना करतो. येताना त्याचा चेहरा पांढरा असतो. त्यालाही भीती वाटतेय, पण तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. एका खोलीत दोन घाबरलेली माणसं राहतोय आम्ही.

परवा त्याने हळूच म्हटलं काकांना, की एकदा डॉक्टरला दाखवून बघू या का. काका हसले. म्हणाले, पाळक, माझी परीक्षा घेताय काय? नरेंद्रने पुन्हा तेल लावायला घेतलं. त्याला परत म्हणता आलं नाही.

तुझं पत्र वाचलं. 'काळं पडलं तर एक दिवसही थांबू नका, विष अंगात चढतं' असं लिहिलंस. मी काल एकटीच गेले. काकू पाणी भरायला गेल्या होत्या. मी काकांच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. पायल बरी झालेली नाही, मी तिला रोज गोळी देते, चहातून देते, टोपलीतून काढून देते. तुम्ही ज्याच्यावर पाय पणाला लावलाय ते खोटं आहे. एका दमात सांगितलं.

काकांनी माझं बोलणं शांतपणे ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, 'बाई, मला दवाखान्यात न्यायला तुम्ही स्वतःच्या नावावर एवढं मोठं खोटं घेताय. एवढी माया माझ्या सख्ख्या पोरीनेपण केली नसती. पण मी नाही जाणार. तुमच्या मायेपायी मी देवाला सोडणार नाही.'

मी म्हटलं, काका, खोटं नाही, देवाशपथ. तर म्हणतात, शपथ घालू नये आपल्यात. आणि डोळे पुसले, हसून.

ताई, मी घरी येऊन जमिनीवर बसले ते उठलेच नाही. खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं, आणि खरं सांगितलं तर माझ्यावरच्या प्रेमापोटी ते खोटं मानतात. आता मी काय करू? पायलला घेऊन गेले असते, पण तिला तरी कुठे माहीत आहे चहात काय असतं ते. मला तर असं वाटतंय की काका माझ्या हातून मरणार आहेत आणि मरताना मला आशीर्वाद देणार आहेत.

तुला यायला जमेल का? जमणार नाही, माहीत आहे. विचारून ठेवलं.

भावना


मांजर्ली
१२ मार्च

ताई,

तू लिहिलंस, 'एकेकट्याला सांगून उपयोग नाही. तुमच्यात जे होतं ते चारचौघांत होतं, तर तोडायचंही चारचौघांतच.' पत्र शनिवारी मिळालं. काल रविवार होता.

काकांना खुर्चीवर बसवून वर आणलं होतं. पाय कापडात गुंडाळून स्टुलावर. पंखा त्यांच्याकडे वळवला तर वास सगळ्या खोलीत, म्हणून पंखा बंद. गाणी झाली. नरेंद्रने विचारलं, कुणाला साक्ष द्यायचीय? मी उठले. मी सहसा उठत नाही, म्हणून त्याला बरं वाटलं, तो माझ्याकडे बघून हसला. तेवढं मात्र मला विसरता येणार नाही.

मी म्हटलं, माझी साक्ष अशी आहे की मी पायलला रोज चहातून फिटची गोळी देते. जानेवारीपासून. माझ्या घरात तिला फिट आली होती, ती मी लपवली. टोपलीतला डबा मी काढला. पाळकांना यातलं काही माहीत नाही. गोळीची रिकामी पाकिटं आणली होती, ती टेबलावर ठेवली.

मग इंदुबाई म्हणाली, बाई, बसा खाली. मी बसले नाही. ती पायलकडे वळली. म्हणाली, सांग सगळ्यांना, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, सांग. पायल उभी राहिली.

'चहा कडू असायचा, आई.'

'कधीपासून?'

'पहिल्या दिवसापासून. मला कळलं होतं.'

'आणि तू प्यायलीस?'

'बाईंनी दिला म्हणून प्यायले. मी स्वतः घेतली असती तर माझा विश्वास गेला असता. बाईंनी दिली तर दोष त्यांच्यावर.'

ताई, तिला माहीत होतं. स्टेजवर माइक हातात घेतला तेव्हाही माहीत होतं. आम्ही दोघी रोज समोरासमोर बसून चहा प्यायचो आणि दोघी एकमेकींना वाचवत होतो. आणि तिकडे एका माणसाचा पाय सडत होता.

काकांनी विचारलं, 'पोरी, म्हणजे तू बरी नव्हतीस?' ती म्हणाली, नाही काका. काका आपल्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'मला कुणी सांगितलं का नाही?' मी सांगितलं होतं. पण मी गप्प राहिले.

नरेंद्र उपदेशाला उभा राहतो त्या पुलपिटाच्या मागून खाली आला. प्रार्थना करू या म्हणाला. दोनदा 'हे प्रभू' म्हणाला आणि थांबला. मग एकदम वाकून त्याने काकांना उचललं. दोघं मदतीला धावले. जिन्यावरून खाली, रिक्षात, थेट उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात. मी मागे उभी होते, मला कुणी बोलावलं नाही. खोलीत चपला राहिल्या होत्या दोन-तीन जणांच्या, इतक्या घाईत लोक गेले.

संध्याकाळी इंदुबाई आली. आत आली नाही. म्हणाली, ती गोळी द्या इकडे. मी देईन माझ्या पोरीला, तुमच्या हातची नको. मी डबा दिला, डॉक्टरचा कागद दिला. कधी द्यायची तेही सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, एकदा परतही विचारलं. म्हणजे देईल. पायलचा पेपर या आठवड्यात आहे, ती माझ्याकडे येणार नाही.

नरेंद्र उशिरा आला. मी चहा ठेवला. त्याने कप बघितला आणि शांतपणे विचारलं, 'माझ्यात काय घालतेस?' ओरडला असता तर बरं वाटलं असतं. चहा तसाच राहिला, मी मोरीत ओतला.

तुला वाटेल आता मोकळी झाले असेन. नाही गं. दारावर कुणी टकटक केली की मी कडीला हात लावून तशीच उभी राहते. लोक येऊन मला बडवतील याची भीती नाही. काका गेले असं कुणी येऊन सांगेल, याची.

भावना


उल्हासनगर, सरकारी दवाखाना
१५ मार्च

ताई,

हे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. काकांना आत नेलंय. ऑपरेशन चाललंय. अजून काही कळलेलं नाही.

तुझा निरोप बालवाडीत मिळाला. येतेस म्हणालीस ते वाचून मी मुलांसमोरच रडले. लवकर ये. कल्याणला उतर, मी घ्यायला येईन, नाहीतर कुणाला तरी पाठवीन. कुणाला पाठवणार म्हणा, पण येईन मीच.

सकाळी झालं ते सांगते. डॉक्टर काल म्हणाले, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, उशीर झाला तर वरपर्यंत जाईल. काका नाही म्हणाले. काकूंनी पाया पडून सांगितलं, नाही. नरेंद्र चार दिवस खाटेशी बसून आहे, त्याने सांगितलं. काका त्याला म्हणाले, पाळक, तुमचं ऐकूनच या थराला आलो. नरेंद्र उठून बाहेर गेला. मग काका म्हणाले, बाईंना बोलवा. त्या म्हणतील तसं करीन.

मला यायचं नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं होतं की सगळ्यांसमोर बोलल्यावर निदान एवढं तरी होईल, की यापुढे माझ्या शब्दावर कुणी काही ठेवणार नाही. मंडळीतल्या अर्ध्याअधिक लोकांनी बोलणं टाकलंय, रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूला जातात. त्याचं दुःख होतं, पण आतून सुटल्यासारखंही वाटत होतं. आता मला कुणी विचारणार नाही, असं. आणि काकूंचा भाचा दारात येऊन उभा राहिला, की काका बोलावतायत.

काका एवढेसे दिसत होते. म्हणाले, बाई, सगळ्यांनी मला बरं वाटेल ते सांगितलं. तुम्ही एकट्याच घरी येऊन खरं बोलला होतात, आणि मी ते मायेचं खोटं समजलो. आता तुम्ही सांगा, तुमचं मानणार.

मी म्हटलं, काका, मी काय डॉक्टर आहे का? ते म्हणाले, डॉक्टरला मी कुठे ओळखतो?

मग मी डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारलं. पाय काढला तर वाचतील का? ते म्हणाले, गॅरंटी कुणी देत नाही, वय आहे, शुगर फार वाढलीय, टेबलावरही काही होऊ शकतं. आणि नाही काढला तर? तर आठवडा नाही निघणार. मी हे सगळं काकांना जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गोड केला नाही. ते म्हणाले, ते ऐकलं मी. तुमचं काय म्हणणं आहे?

नरेंद्र खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. काकू पदराचा बोळा तोंडात धरून माझ्याकडे बघत होत्या. सिस्टरच्या हातात कागद होता, तीही थांबलेली. जर ते आत गेले आणि परत आले नाहीत, तर ते माझ्या शब्दावर गेले असं होणार. आणि मी गप्प बसले, तरी ते माझ्यामुळेच गेले असं होणार.

मी म्हटलं, कापू द्या, काका.

ते बरं म्हणाले. सिस्टरने पेन दिलं, कागद छातीवर धरला, मराठीत वाचून दाखवू का विचारलं. काकांनी नको म्हटलं. कागदाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघत सही केली.

भावना